कविता आवडली, पण नेमकी कुठल्या शब्दामुळे?

शाळेत इंग्रजी कवितेचं आमच्यासाठी एकच काम होतं, तिची सेंट्रल आयडिया लिहायची. मी मराठी माध्यमातली, पाचवीपासून इंग्रजी शिकलेली. रॉबर्ट फ्रॉस्टची ‘स्टॉपिंग बाय वूड्ज ऑन अ स्नोई इव्हनिंग’ आम्हाला होती. गाईडमध्ये उत्तर तयार होतं: निसर्ग कितीही सुंदर असला तरी माणसाने कर्तव्य विसरू नये, असं कवीला सांगायचं आहे. मी ते पाठ केलं, लिहिलं, मार्क मिळाले. पण घरी ती कविता मोठ्याने म्हणताना शेवटच्या दोन ओळींशी अंगावर काटा यायचा, आणि त्या काट्याचा गाईडमधल्या उत्तराशी काही केल्या मेळ बसायचा नाही. ‘कर्तव्य विसरू नये’ हे ऐकून कुणाच्या अंगावर काटा येतो?

पुढे मी कॉमर्स केलं आणि एका पतसंस्थेत एकोणतीस वर्षं हिशेब लिहिले. तिथे एक शिस्त अंगात मुरली. व्हाउचरशिवाय, म्हणजे व्यवहाराच्या कागदी पुराव्याशिवाय, खातेवहीत नोंद करायची नाही. ऑडिटर समोर बसतो, एका रकमेवर बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘याचं व्हाउचर काढा.’ असलं तर पुढे जायचं, नसलं तर ती नोंद कितीही खरी वाटली तरी उपयोग नाही.

निवृत्तीनंतर इंग्रजी कविता पुन्हा वाचायला घेतल्या तेव्हा ही सवय तिथेही आली. कवितेने मनात काहीतरी हलवलं, ही झाली नोंद. ते तिच्यातल्या कुठल्या शब्दाने, कुठल्या आवाजाने, कुठल्या विरामाने हलवलं, हे झालं व्हाउचर. ते शोधायला लागलं की कविता उलगडते. आणि काही वेळा ते सापडतच नाही, तेव्हा कळतं की कवितेत नसलेलं काहीतरी आपण तिच्या नावावर टाकलं होतं. इंग्रजी कवितेची भीती वाटणारे, पण मनातून ती हवीशी असणारे बरेच जण मला भेटतात. त्यांच्यासाठी माझ्या जवळच्या काही कविता घेऊन ही पद्धत सांगते.

आधी त्या काट्याचं बघू.

फ्रॉस्टच्या कवितेत घडतं फार थोडं. बर्फाची संध्याकाळ आहे. घोडा घेऊन निघालेला एक माणूस दुसऱ्याच्या मालकीच्या रानापाशी थांबतो. रान बर्फाने भरत चाललेलं बघत राहतो. आसपास घर नाही, मग थांबलो कशाला हे घोड्याला कळत नाही, तो गळ्यातल्या घंटा हलवतो. माणूस म्हणतो, रान सुंदर आहे, पण मी शब्द दिलेले आहेत आणि झोपण्याआधी मला मैलोन्‌मैल जायचंय. शेवटची ओळ तो दोनदा म्हणतो. संपली कविता.

सोळा ओळी, १०८ शब्द. मी मोजलेत, जपमाळेचे मणीही तेवढेच, हा अर्थात योगायोग. त्यातले ८९ शब्द एका दमात, एकाच झटक्यात उच्चारले जाणारे आहेत: वूड्ज, हाउस, हॉर्स, स्नो, लेक. अठरा शब्द दोन तुकड्यांचे आहेत. तीन तुकड्यांचा शब्द अख्ख्या कवितेत एकच, प्रॉ-मि-सेस. पाऊल टाकल्यासारखी एकेक अक्षरावरून चाललेली जीभ त्या एका ठिकाणी रेंगाळते, आणि ते ठिकाण म्हणजे दिलेली वचनं. ‘बट आय हॅव प्रॉमिसेस टु कीप.’ गाईडमधलं कर्तव्य इथेच आहे, पण ते उपदेश म्हणून येत नाही, जिभेवर वजन म्हणून येतं.

आता थोडं छंदाबद्दल, कारण इंग्रजी कविता आपल्याला परकी वाटते ती बऱ्याचदा इथेच. मराठी वृत्तात आपण लघु-गुरू मोजतो. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ म्हणा: लघु गुरू गुरू, लघु गुरू गुरू, असं चार वेळा, भुजंगप्रयात. ऱ्हस्व अक्षराला कमी वेळ, दीर्घ अक्षराला किंवा जोडाक्षराच्या आधीच्या अक्षराला जास्त वेळ. म्हणजे आपलं माप वेळेचं आहे. इंग्रजीचं माप जोराचं आहे. तिथे शब्दातल्या एका तुकड्यावर आवाजाचा दाब पडतो आणि तो दाब इतका महत्त्वाचा की जागा बदलली तर शब्द बदलतो. ‘प्रेझेंट’मधल्या पहिल्या तुकड्यावर जोर दिला तर भेटवस्तू, दुसऱ्यावर दिला तर सादर करणं. मराठीत जोराने सहसा असा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान त्याकडे लक्ष देत नाही. आपण इंग्रजी कविता सपाट वाचतो आणि मग म्हणतो, यात लय कुठे आहे?

आता फ्रॉस्टची पहिली ओळ अशी म्हणा की दर दुसऱ्या तुकड्यावर हलका दाब पडेल: हूज वूड्ज दीज आर आय थिंक आय नो. दाब वूड्ज, आर, थिंक, नो या चारांवर. एक हलकं, एक जड, असं चार वेळा. इंग्रजी कवितेतली ही सर्वांत घरगुती चाल, तिला आयँबिक म्हणतात. बोलण्याच्या अगदी जवळची आहे. या कवितेच्या सोळाच्या सोळा ओळी त्याच चालीने जातात, थांबलेल्या माणसाच्या कवितेतली लय मात्र चालूच असते. मोठ्याने म्हटल्याशिवाय हे कळायचं नाही. इंग्रजी कविता निदान दोनदा तरी मोठ्याने वाचावी, उच्चार कसेही असोत.

यमकांची तर आणखीच गंमत आहे. पहिल्या कडव्यात नो, दो, स्नो जुळतात, पण तिसरी ओळ ‘हिअर’वर संपते, एकटी. दुसऱ्या कडव्यात हे ‘हिअर’ पुढे येतं: क्विअर, निअर, यिअर. तिथे ‘लेक’ एकटं राहतं, ते तिसऱ्या कडव्यात शेक, मिस्टेक, फ्लेक असं उचललं जातं. रुबाई वाचणाऱ्यांना ही ठेवण ओळखीची वाटेल. पहिली, दुसरी, चौथी ओळ जुळते, तिसरी मोकळी. उमर खय्यामच्या रुबायांच्या एडवर्ड फिट्झजेरल्डने केलेल्या इंग्रजी रूपामुळे, १८५९पासून, ती इंग्रजीत लोकप्रिय झाली. मराठीत माधव जूलियन यांनी खय्याम आणला. फ्रॉस्टने त्यात भर घातली ती साखळीची. दर कडव्यातली मोकळी ओळ पुढच्या कडव्याला हात देते. वाचणारा नकळत पुढे ओढला जातो.

चौथ्या कडव्यात मात्र डीप, कीप, स्लीप, स्लीप. चारही ओळी जुळल्या. मोकळी ओळ उरलीच नाही. पुढे हात द्यायला कुणी नाही, साखळी संपली. तरी माणूस म्हणतोय की मैलोन्‌मैल जायचंय. शब्द सांगतात ‘जायचंय’, आणि यमक सांगतं ‘थांबलं’. माझ्या काट्याचं व्हाउचर हे होतं. शिवाय दुसऱ्यांदा म्हटलेलं ‘स्लीप’ पहिल्यासारखं ऐकू येत नाही. पहिली रात्रीची झोप, दुसरी कसली ते कविता बोलत नाही. लोक त्यात मृत्यू वाचतात, फ्रॉस्टला तो अर्थ लावलेला आवडायचा नाही. जवाहरलाल नेहरूंच्या टेबलावर अखेरच्या दिवसांत याच ओळी लिहून ठेवलेल्या होत्या हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहे. बर्फाची ही कविता लिहिली गेली ती मात्र १९२२च्या जूनमध्ये, व्हरमाँटच्या उन्हाळ्यात, रात्रभर दुसऱ्या एका लांबलचक कवितेवर काम करून फ्रॉस्ट पहाटे बाहेर आला तेव्हा.

याच कवितेतला एक स्वल्पविराम सांगते. ओळ आहे ‘द वूड्ज आर लव्हली, डार्क अँड डीप’. फ्रॉस्टने ‘लव्हली’नंतर स्वल्पविराम दिला, ‘डार्क’नंतर दिला नाही. फ्रॉस्ट १९६३मध्ये गेला. १९६९मध्ये त्याच्या समग्र कविता निघाल्या, त्यात संपादकाने ‘डार्क’नंतरही स्वल्पविराम घातला. व्याकरणाच्या नियमाने ठीकच. पण फरक बघा. दोन स्वल्पविराम असले की रान सुंदर आहे, काळोखं आहे आणि खोल आहे, अशी तीन वेगवेगळ्या गुणांची यादी होते. एकच असला की आणखी एक वाचन शक्य होतं: रान सुंदर आहे, म्हणजे काळोखं आणि खोल आहे. त्याचं सौंदर्यच त्या काळोखात आणि खोलीत आहे. थांबलेल्या माणसाला काय ओढतंय हे त्या न दिलेल्या स्वल्पविरामात दिसतं. तुमच्याकडे ही कविता असेल तर उघडून बघा, तुमच्या प्रतीत एक आहे की दोन.

फ्रॉस्टचीच दुसरी कविता, ‘द रोड नॉट टेकन’. इथे माझी नोंद विनाव्हाउचर निघाली, आणि ते मला पन्नाशीत कळलं. कमी मळलेली वाट निवडली आणि त्यानेच सगळा फरक पडला, हा शेवट सगळ्यांना पाठ असतो. निरोप समारंभात म्हटला जातो. मीही म्हटलाय, एका सहकाऱ्याने नोकरी सोडून गावी शेती करायचं ठरवलं तेव्हा. मग एकदा मधली कडवी बोट ठेवून वाचली. कवी म्हणतो की येण्याजाण्याने दोन्ही वाटा साधारण सारख्याच झिजल्या होत्या. पुढे म्हणतो, त्या सकाळी दोन्हींवर पानं सारखीच पडली होती, पावलांनी काळी न पडलेली. मग कमी मळलेली वाट आली कुठून? शेवटच्या कडव्याचा काळ बघा: ‘आय शॅल बी टेलिंग धिस विथ अ साय’. हे मी पुढे कधीतरी, खूप वर्षांनी, एक निःश्वास टाकून सांगत असेन. म्हणजे म्हातारपणी आपण आपल्या निवडीची जी गोष्ट रचून सांगू, ती तो आधीच ऐकतोय. कविता त्या गोष्टीबद्दल आहे. हे कळल्यावर मला ती आधीपेक्षा जास्त आवडली, थोडं दुखलंही. फ्रॉस्टच्या मनात त्याचा मित्र एडवर्ड थॉमस होता. दोघे १९१४मध्ये इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमध्ये फिरायला जायचे आणि थॉमस कुठल्याही वाटेने गेला तरी दुसरीने गेलो असतो तर बरं झालं असतं म्हणून हळहळायचा. कविता १९१५मध्ये छापून आली. त्याच वर्षी थॉमस सैन्यात गेला, आणि ९ एप्रिल १९१७ला फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत मारला गेला.

वर्ड्‌सवर्थची डॅफोडिल्सची कविता बऱ्याच जणांनी शाळेत केलेली असते. मी ती शिकले तेव्हा डॅफोडिल म्हणजे काय हे बाईंनाही चित्रातूनच माहीत होतं. पिवळं फूल, एवढंच. तरी कविता कंटाळवाणी वाटली नाही याचं मला नवल वाटायचं. कारण नंतर समजलं. ती कविता फुलांची आहे तेवढीच आठवणीची आहे. पहिल्या कडव्यातली क्रियापदं भूतकाळाची: मी भटकत होतो, मला दिसली. शेवटच्या कडव्यात एकदम वर्तमानकाळ येतो: मी कोचावर पडलेला असतो, मन रिकामं किंवा विचारात, आणि ती फुलं ‘त्या आतल्या डोळ्यावर’ चमकून जातात. काळ बदलतो तिथे फुलं तळ्याकाठून उठून त्याच्या खोलीत येतात. माझ्याकडे डॅफोडिल नव्हती, पण कोचावर पडल्या पडल्या आजोळची केवड्याची बाग दिसणं मला ठाऊक होतं.

या कवितेमागची हकिकत कळल्यावर माझं मन वेगळ्याच माणसाकडे गेलं. पहिली ओळ म्हणते, मी ढगासारखा एकटा भटकत होतो. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ला अल्सवॉटर तळ्याकाठी ती फुलं दिसली तेव्हा त्याची बहीण डोरोथी बरोबर होती. तिने रोजनिशीत त्या दिवसाचं वर्णन लिहून ठेवलंय. कविता लिहिली गेली ती १८०४मध्ये, दोन वर्षांनी. फुलं नाचत होती, हसत होती, हे डोरोथीच्या नोंदीतही आहे. पण तिने आणखी एक गोष्ट पाहिली होती. काही फुलांनी शेवाळलेल्या दगडांवर डोकी टेकली होती, दमल्यावर उशीवर टेकावीत तशी. ही दमलेली फुलं कवितेत आली नाहीत. मला कवितेतली दहा हजार नाचणारी फुलं आवडतात, पण ती दगडावर डोकं टेकलेली चार-दोन फुलं माझ्या जास्त जवळची आहेत. आणि ‘आतल्या डोळ्या’च्या ज्या दोन ओळींनी ही कविता इतकी उंच जाते, त्या वर्ड्‌सवर्थच्या बायकोने, मेरीने सुचवलेल्या, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. एकट्याच्या कवितेत दोन बायका उभ्या आहेत. ओळ वाचताना मी त्या दोघींची आठवण काढते.

बाईमाणसाच्या लिहिण्याचं पुढे काय होतं याचा विचार केला की मला एमिली डिकिन्सन आठवते. अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट नावाच्या लहान गावात ती राहिली. सुमारे १८०० कविता लिहिल्या. हयातीत छापून आल्या त्या जेमतेम दहा, त्याही नावाशिवाय. १८८६मध्ये ती गेली आणि धाकट्या बहिणीला तिच्या खोलीत हाताने शिवलेल्या कवितांच्या वह्या सापडल्या. आपल्याला इथे बहिणाबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत; त्यांची गाणीही पुस्तकरूपाने आली ती त्या गेल्यावर, १९५२मध्ये, मुलाने जपून ठेवलेल्या कागदांतून. दोघींनी साचाही लोकांच्या तोंडात असलेलाच घेतला. बहिणाबाईंनी जात्यावरची ओवी घेतली, डिकिन्सनने चर्चमध्ये म्हणायच्या प्रार्थनागीतांचा. त्या साच्यात पहिल्या ओळीत आठ तुकडे, दुसऱ्या ओळीत सहा, मग पुन्हा आठ, सहा. आपल्या मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं असतात आणि टाळ धरून म्हणणाऱ्याला ती मोजावी लागत नाहीत, तसंच ते.

तिची सर्वांत माहीत असलेली कविता ‘बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ’. मला मृत्यूसाठी थांबता येईना, तर तोच माझ्यासाठी मोठ्या मनाने थांबला. मृत्यू घोडागाडी घेऊन येतो, तिला घेऊन सावकाश निघतो. वाटेत शाळा लागते, मुलं खेळताहेत. मग धान्याची शेतं. मग मावळता सूर्य. तीनदा एकच शब्द, ‘वी पास्ट’, आम्ही ओलांडून गेलो. बालपण, भर उमेद, उतार. लय आठ-सहा, आठ-सहा, गाडीच्या चाकासारखी बिनघोर.

आणि मग चौथ्या कडव्याची पहिली ओळ: ‘ऑर रादर, ही पास्ट अस’. किंवा खरं तर, सूर्यच आम्हाला ओलांडून गेला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इथे एकदम गार वाटलं. खरोखर पाठीतून. का, ते पुष्कळ दिवस कळेना. मग बोटांवर मोजलं. ऑर, रा, दर, ही, पास्ट, अस. सहा. पहिल्या ओळीत आठ हवे होते, आले सहा. आणि दुसऱ्या ओळीत सहाऐवजी आठ. साचा इथे उलटा होतो. गाडी चाललीय असं वाटत होतं, ती थांबली आहे. चालतोय तो सूर्य. ती मेलेली आहे हे तिला याच ओळीत कळतं, आणि ते तिने छंदात कळवलंय. पुढच्याच शब्दांत दव पडतं, तिच्या अंगावरचा झगा जाळीसारखा विरळ आहे, थंडी वाजते. मला गार वाटलं त्याचं व्हाउचर इतकं उघड होतं.

१८९०मध्ये तिच्या कवितांचं पहिलं पुस्तक निघालं. संपादकांनी तिच्या विरामचिन्हांना, तिच्या ठायी ठायी पेरलेल्या आडव्या रेघांना नेहमीच्या वळणावर आणलं. आणि या कवितेतलं हे चौथं कडवं गाळूनच टाकलं. सूर्य मावळला की गाडी थेट घराशी, म्हणजे थडग्याशी येते. कविता तरीही चांगली वाटते, लोकांना ती आवडलीही. पण तिच्या मधोमधचा तो क्षण वाचकांना कितीतरी वर्षं मिळाला नाही. सगळ्या कविता तिने लिहिल्या तशा रूपात छापल्या गेल्या त्या १९५५मध्ये. हे वाचल्यापासून कुठलीही जुनी कविता घेतली की मी आधी बघते, ही प्रत कुणी संपादित केलीय.

आता मिल्टन. तो मला आवडेल असं मी कधी म्हटलं नसतं. शब्द जड, वाक्यं लांब, बायबलचे संदर्भ. तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. शस्त्रक्रिया करून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. तो बुडबुडा वर तरंगतो आणि पडद्याला जागेवर दाबून धरतो, म्हणून डॉक्टर डोकं खाली ठेवायला सांगतात. आठ दिवस मी पालथी होते. जेवताना मान खाली, झोपताना तोंड उशीच्या पोकळीत. वाचन बंद. भाची फोनवर कविता लावून द्यायची. त्यात एकदा मिल्टनचं ते सॉनेट लागलं, ‘व्हेन आय कन्सिडर हाउ माय लाइट इज स्पेंट’.

मिल्टनची दृष्टी १६५२च्या सुमारास पूर्ण गेली, तेव्हा तो चव्वेचाळिशीच्या आतला होता. ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य लिहायचं अजून बाकी होतं. ते पुढे त्याने तोंडी सांगून लिहवून घेतलं. या चौदा ओळींत तो विचारतो, माझा प्रकाश अर्ध्या वाटेतच संपला, आता देवाचं काम मी कसं करू? मी ऐकत होते आणि माझ्या कानावर काय येत होतं, तर खातेवही. ‘स्पेंट’, खर्च झालेला. ‘टॅलेंट’: आज आपण गुण म्हणतो, पण मूळचं ते पैशाचं मोठं माप, बायबलमधल्या गोष्टीतलं. मालक प्रवासाला जाताना नोकरांकडे पैसे ठेवतो, एक जण घाबरून ते जमिनीत पुरतो, आणि मालक परतल्यावर तो नोकर शिक्षा भोगतो. ‘लॉज्ड विथ मी यूसलेस’, माझ्यापाशी ठेव म्हणून पडून आहे, उपयोगाविना. त्या काळच्या इंग्रजीत ‘यूज’ म्हणजे व्याजसुद्धा. ‘ट्रू अकाउंट’, खरा हिशेब, तो सादर करायचाय. ‘डे-लेबर’, रोजंदारी. आठ ओळींत एका घाबरलेल्या कारकुनाची सगळी भाषा. माझी भाषा. उशीत तोंड खुपसून मी पतसंस्थेतल्या मार्चअखेरच्या रात्री आठवत होते.

सॉनेट म्हणजे चौदा ओळींची कविता, केशवसुतांनी ती मराठीत आणली आणि पुढे तिला सुनीत हे नाव रूढ झालं. मिल्टनने वापरलेल्या इटालियन घडणीत पहिल्या आठ ओळी प्रश्न मांडतात आणि नवव्या ओळीपाशी कविता वळते. वाचक नवव्या ओळीची वाट बघत असतो. मिल्टन काय करतो? आठव्या ओळीच्या मध्यावरच वळतो. ‘आय फाँडली आस्क’, मी वेड्यासारखा विचारतो. आणि तिथेच, ओळ अर्धी असताना, ‘बट पेशन्स, टु प्रिव्हेंट दॅट मर्मर, सून रिप्लाइज’. सबुरी ते पुटपुटणं अडवण्यासाठी लगेच उत्तर देते. ‘प्रिव्हेंट’चा जुना अर्थ आधी पोचणं, पुढे होऊन अडवणं. सबुरी तिच्या ठरलेल्या जागेच्या अर्धी ओळ आधी पोचते. रडणाऱ्या मुलाचं वाक्य पुरं व्हायच्या आत आई उचलून घेते तशी.

उत्तराच्या सहा ओळींत पैशाचा एकही शब्द नाही. हे मला तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. भाचीला पुन्हा पुन्हा लावायला सांगून मी नुसतं तेवढंच ऐकलं. देवाला माणसाच्या कामाची गरज नाही, त्याने दिलेल्या देणग्या परत मिळण्याचीही नाही. देणगी. ठेव हा शब्द गेला, देणगी आला. त्याचं हलकं जू जे नीट वाहतात ते त्याची सेवा करतात. हजारो त्याच्या आज्ञेने समुद्र-जमिनीवरून धावताहेत. आणि शेवटची ओळ, ‘दे ऑल्सो सर्व्ह हू ओन्ली स्टँड अँड वेट’. जे नुसते उभे राहून वाट पाहतात, तेही सेवाच करतात. इथल्या ‘वेट’मध्ये दोन अर्थ आहेत, वाट पाहणं आणि मालकाच्या दारात आज्ञेसाठी हजर राहणं. मराठीत कसं म्हणावं हे मी त्या अंधारात घोळवत राहिले आणि शब्द सापडला: तिष्ठणे. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ उभं राहणं, मराठीत वाट पाहत ताटकळणं. मिल्टनला दोन क्रियापदं लागली ती आपल्याकडे एकात आहेत. मग साहजिकच विटेवरचा आठवला. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, त्याने वीट फेकली, आणि युगं अठ्ठावीस देवच तिष्ठतोय. मिल्टनच्या ओळीत सेवक उभा आहे. मी हे भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, आत्या, तू तर धड उभीही नाहीयेस.

नवव्या दिवशी उठून बसायची परवानगी मिळाली. बुडबुडा अजून होता. नजरेच्या वरच्या बाजूला त्याची कड पाण्याच्या पातळीसारखी हलायची, आणि तिच्या वर, अगदी चिंचोळ्या पट्टीत, जग दिसायचं. त्या पट्टीत खिडकीचा गज होता, गजावर वाळत घातलेला माझाच हिरवा टॉवेल. मी ‘स्टँड अँड वेट’ म्हणत बोटावर दाब मोजत होते. भाचीने डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली पुढे केली, आणि तिच्यावरचा मोठ्या अक्षरांतला एक शब्द मी वाचला.